धर्माच्या गाईचे दात

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीचा जनावरांचा बाजार शनिवारी भरतो. दौंड आणि नगरच्या मधलं हे गाव. शनिवारी उजाडायच्या आत पिकअप आणि टेम्पो रिकामे होतात, दावणी लागतात. एकीकडे खिलार खोंडं, एकीकडे काळ्यापांढऱ्या एचएफ गायी, पलीकडे म्हशी. या गर्दीत खोंड घ्यायला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या मागे जरा वेळ उभं राहून बघावं. तो आधी लांबूनच जनावराभोवती फेरी मारतो. मग जवळ जाऊन खालचा ओठ ओढतो आणि दात बघतो. सगळे दुधाचे असतील तर आदत, दोन पक्के आले असतील तर दुसा, चार आले तर चौसा, मग सहादाती, आणि आठही आले की जुळलेला. खुरं बघतो. वशिंडापाशी हात फिरवून जू कुठे लागलंय का ते चाचपतो. कासरा धरून दहा पावलं चालवतो, पाठीमागून चाल बघतो. मारका आहे का, औताला बसतो का, कुणाच्या दावणीचा, का विकताय, हे सगळं विचारून होतं. मग उपरण्याखाली दोघांचे हात जातात, बोटं दाबून आकडा सांगितला जातो, मान हलते, पुन्हा बोटं दाबली जातात. इसार दिला जातो, पावती फाटते. एका बैलासाठी कधी कधी अर्धा दिवस जातो.

याच माणसांच्या भाषेत एक जुनी म्हण आहे: धर्माची गाय आणि दात का नाय. फुकट मिळालेल्या गाईचे दात कुणी बघत नाही. बघणाऱ्याला कृतघ्न म्हणतात. पैसे मोजताना माणूस सावध असतो आणि दान घेताना हात जोडून उभा राहतो. जगातल्या बहुतेक इच्छापूर्तीच्या गोष्टी या जोडलेल्या हातांच्या गोष्टी आहेत. वर म्हणजे धर्माची गाय. देव, यक्ष, फकीर किंवा सरकार समोर उभं राहून 'माग' म्हणतं, आणि ज्यानं आयुष्यभर बैलाचे दात मोजले तो माणूस त्या क्षणी एकही प्रश्न विचारत नाही.

या गोष्टी मुलांना सांगताना त्यांचं तात्पर्य ठरलेलं असतं: हाव धरू नये, आहे त्यात समाधान मानावं. हे तात्पर्य या कथांवर अन्याय करतं, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यावर त्याहून मोठा. नगर जिल्ह्याचा मोठा भाग अवर्षणप्रवण आहे. इथल्या माणसानं पाणी मागितलं, दुभती गाय मागितली, मुलाच्या हाताला काम मागितलं, तर त्याला समाधानाचा उपदेश कोणत्या तोंडानं करायचा? कथा नीट वाचल्या तर त्या इच्छेला दोष देतच नाहीत. त्या मागण्याच्या रीतीबद्दल बोलतात.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची 'द मंकीज पॉ' ही १९०२ सालची कथा या विषयावरची सगळ्यांत प्रसिद्ध लघुकथा म्हणावी लागेल. वाळवलेला माकडाचा पंजा, त्याच्यावर तीन इच्छा. पंजा हिंदुस्थानातून आलेला आहे. तिथे एकवीस वर्षं काढलेला एक सार्जंट-मेजर तो घेऊन येतो, आणि त्यावर मंत्र घातलेला असतो एका फकिराने. व्हाइट कुटुंबातला म्हातारा पंजा हातात धरून म्हणतो की आपल्याला हवं ते सगळं आहेच. मग मुलगा हर्बर्ट सुचवतो, घरावरचं देणं फिटेल एवढे दोनशे पौंड माग. दुसऱ्या दिवशी हर्बर्ट कारखान्यात यंत्रात सापडून मरतो. मालकांचा माणूस घरी येऊन सांगतो की कंपनी जबाबदारी मान्य करत नाही, पण त्याच्या नोकरीची जाण ठेवून काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम असते दोनशे पौंड.

यात हाव कुठे आहे? राज्य नाही, सोनं नाही, कर्जफेडीपुरते पैसे. पंजाने शब्दाबाहेर काहीही केलं नाही. दोनशे मागितले, दोनशे आले. ते कुठून यावेत, कुणाच्या वाट्याचे यावेत, हे मागणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं. व्हाइटबाई नवऱ्याला दुसऱ्या इच्छेने मुलगा परत मागायला लावतात तेव्हाही तेच: कशा रूपात, हे त्या दुःखात सांगायचं राहून जातं, आणि दारावर थाप पडते तेव्हा बापाला तिसरी इच्छा खर्च करावी लागते. काष्टीच्या बाजारातला शेतकरी जो प्रश्न विचारतो, की हे जनावर आलं कुठून, तो या घरात कुणालाच सुचला नाही.

आपल्याकडची याहून फार जुनी आणि मला जास्त खोल वाटणारी गोष्ट पंचतंत्रातल्या मंथरक विणकराची आहे. ती पाचव्या तंत्रात येते, ज्याचं नावच अपरीक्षितकारक, म्हणजे पारख न करता केलेलं काम. मंथरकाचा माग मोडतो. लाकडासाठी तो समुद्रकाठच्या एका झाडावर कुऱ्हाड उचलतो. झाडावर राहणारा यक्ष म्हणतो, माझं घर सोड, हवं ते माग. विणकर विचार करायला घरी जातो. वाटेत न्हावी मित्र भेटतो, तो सांगतो, राज्य माग. बायको म्हणते, राज्य म्हणजे कटकट. त्यापेक्षा आणखी दोन हात आणि आणखी एक डोकं माग, म्हणजे पुढून एक आणि मागून एक असं दुप्पट कापड विणशील. त्याला ते पटतं. दोन डोकी आणि चार हात घेऊन तो आनंदाने गावाकडे येतो, आणि राक्षस आला समजून लोक त्याला काठ्यादगडांनी मारून टाकतात.

पंचतंत्र बायकोच्या सल्ल्याला दोष देतं, आणि ते त्या काळाचं बोलणं म्हणून बाजूला ठेवावं. या मागणीत तर कष्टाचीच मागणी आहे, आयत्या सुखाची नाही. गोम दुसरीकडे आहे. मंथरकाच्या आयुष्यात जग म्हणजे माग होता, म्हणून वर मिळाल्यावरही त्याला मागच दिसला. कालच्या अडचणीच्या मापाने त्याने उद्याचं शरीर मागितलं. आणि ज्या गावात ते शरीर घेऊन जायचं होतं त्या गावाला ते कसं दिसेल, हे तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. न्हाव्याने, बायकोने आणि त्याने स्वतः जे काही ठरवलं ते घरातल्या घरात ठरवलं.

हे घरातल्या घरात ठरणं रामायणात आणखी ठळक आहे. दशरथाने कैकेयीला रणांगणावर दोन वर देऊ केले आणि ते कधी, कशासाठी, किती, याची काहीच मर्यादा घातली नाही. त्याची किंमत राम, सीता, लक्ष्मण आणि अखेर दशरथ स्वतः, अशी सगळ्यांनी भरली. पण सहसा नजरेआड होणारी गोष्ट भरताची आहे. ज्याच्यासाठी राज्य मागितलं त्या भरताला कैकेयीने विचारलंच नव्हतं. तो आजोळी होता. परत आला तेव्हा त्याने ते राज्य नाकारलं आणि पादुका सिंहासनावर ठेवल्या. ज्याचं जाणार त्याला विचारलं नव्हतंच, ज्याला मिळणार त्यालाही विचारलं नव्हतं.

समुद्रमंथनाचंही तसंच. अमृत हवं होतं देवांना आणि असुरांना. आधी वर आलं हलाहल, आणि ते प्यावं लागलं या सौद्यात ज्याचा कसलाच वाटा नव्हता त्या शंकराला. नगर जिल्ह्यातच नेवाशाला मोहिनीराजाचं मंदिर आहे, अमृत वाटणाऱ्या मोहिनीच्या त्याच कथेशी जोडलेलं. अमृत कुणाला मिळालं याची आठवण ते देऊळ ठेवतं. विष कुणी प्यायलं, तेही त्याच गोष्टीत आहे.

आता नगर जिल्ह्याने खरोखर मागितलेल्या एका वराकडे वळावं. तो म्हणजे पाणी.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालवे काढण्याला वेग आला. हेतू दुष्काळ निवारणाचा होता: पाऊस हुकला तरी ज्वारी-बाजरी हाताला लागावी. त्याहून निर्मळ इच्छा शोधून सापडणार नाही. नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आलं. पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाणी घ्यायला शेतकरी तयार नसे, आणि पाणीपट्टीशिवाय कालवा परवडत नसे. बारमाही पाणी घेणारं आणि त्याचा दाम देणारं पीक एकच होतं, ऊस. दुष्काळासाठी मागितलेलं पाणी उसाकडे वळलं. काळ्या, खोल, निचरा न होणाऱ्या जमिनीत वर्षभर पाणी मुरत राहिलं, भूजल वर चढलं, ते चढताना जमिनीतले क्षार घेऊन आलं, आणि पाणी उडून गेल्यावर क्षार वर उरले. उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर दिसायला लागला. अशा जमिनीला शेतकरी चोपण म्हणतात. पावसात ती चिकट लोण्यासारखी होते, वाळली की नांगराला दाद देत नाही, आणि पेरलेलं उगवलंच तर पिवळं पडून जातं.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी यांनी नीरा खोऱ्यातल्या या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० साली प्रसिद्ध केला. त्याच १९१० साली प्रवरेवर भंडारदरा धरणाचं काम सुरू झालं. १९२६ साली ते पूर्ण झालं, आणि प्रवरेच्या कालव्यांखालीही पुढे पाणथळ आणि चोपण जमिनींचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या खोऱ्यात जे घडलं ते छापून ठेवलेलं असतानाही निचऱ्याचे चर आधी आणि पाणी नंतर, असा क्रम ठरला नाही. 'कुणाला कळत होतं पुढं काय होईल ते?' हा बचाव जेकब्जच्या व्हाइट कुटुंबाला करता येतो. तो इथे चालत नाही. इथे गाईचे दात कुणीतरी बघितले होते, मोजून लिहून ठेवले होते.

प्रवरेच्या पाण्याने काय दिलं हेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवं. त्याच पट्ट्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं. त्यातून शाळा आल्या, दवाखाने आले, कर्जबाजारी शेतकऱ्याला सावकाराच्या दारातून उठून जाता आलं. पाणी मागणारे चुकले असं म्हणणारा माणूस कोरडवाहू उन्हाळा न भोगलेला असतो. मागणी बरोबरच होती. तिच्यासोबत आणखी चार गोष्टी मागायला हव्या होत्या, आणि त्या कुणाला तरी बरोबर बसवून मागायला हव्या होत्या.

कुणाला, ते श्रीगोंद्यात कालव्याचं आवर्तन सुटतं तेव्हा दिसतं. कुकडी प्रकल्पाचं पाणी जुन्नरकडच्या धरणांतून निघतं आणि डाव्या कालव्याने पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्याकडे जातं. आवर्तन कधी सुटणार, वरच्या अंगाच्या चाऱ्या किती दिवस चालणार, शेवटच्या टोकाला पाणी पोचेपर्यंत पीक जगणार का, यावर दरवर्षी उन्हाळ्यात बैठका, निवेदनं, उपोषणं होतात. श्रीगोंद्याचा शेतकरी वरच्याकडे बोट दाखवतो, कर्जतचा श्रीगोंद्याकडे, करमाळ्याचा सगळ्यांकडे. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाचा अंदाज होता की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्राच्या ४ टक्क्यांहून कमी जागेवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी ७० टक्क्यांच्या आसपास पाणी घेतो. हा आकडा टोकावरच्या माणसाच्या शेतात जाऊन बघावा लागतो. त्याच्या शेतापर्यंत चारी खोदलेली असते. नकाशावर त्याचा वर मंजूर झालेला असतो.

मंथरकाची गोष्ट इथे पुन्हा आठवते. उसाला भाव मिळाला म्हणून पाणी मिळताच आणखी ऊस. वर मिळाला म्हणून मागावर आणखी दोन हात. यात कुणा एका शेतकऱ्याला लोभी ठरवण्यात अर्थ नाही. कारखान्याची नोंद, ठरलेला दर आणि वन्य जनावरं सोडली तर फारशी राखण न मागणारं पीक समोर असताना कोणता शहाणा माणूस कांद्याचा जुगार खेळेल? एकेकट्याने शहाणपणाने मागितलेल्या हजार इच्छा एकत्र आल्या की त्यांचं जे होतं, ते त्यातल्या कुणीच मागितलेलं नसतं. जुन्या कथांमध्ये हा भाग नाही, कारण तिथे मागणारा बहुधा एकच असतो.

काष्टीच्या बाजाराने याच्याशी मिळताजुळता दुसरा एक वर जवळून पाहिला. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर बंदी १९७६ च्या कायद्यापासून होती. ती बैल आणि वळूंनाही लागू करणारं विधेयक विधिमंडळाने १९९५ साली संमत केलं, त्याला राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली आणि मार्च २०१५ मध्ये कायदा लागू झाला. या इच्छेमागची माया खरी आहे. पोळ्याला बैलाचे खांदे तूप-हळदीने मळणाऱ्या, त्याला पुरणपोळीचा घास देणाऱ्या घरांना ती समजावून सांगावी लागत नाही.

पण बैल राखण्याचं जे गणित बाजारात चालायचं ते असं होतं. थकत आलेली जोडी विकायची, आलेल्या पैशात थोडी भर घालायची आणि तरणी जोडी आणायची. जुन्या जोडीचे पैसे हीच नव्या जोडीची निम्मी रक्कम. २०१५ नंतर थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि तेच वर्ष दुष्काळाचं निघालं. मोठ्या जनावराला रोज दहा-पंधरा किलो चारा लागतो. तो विकत घ्यायचा की दावणीच्या दुभत्या गाईला आधी घालायचा, हा प्रश्न ज्या माणसाच्या अंगणात उभा राहिला त्याला कायदा करताना कुणी विचारलं नव्हतं. ज्याच्या दावणीला बैल शेवटचा बांधला होता त्याने सगळा भार उचलला. त्या भीतीने नवी जोडी घेण्याआधी माणसं दहा वेळा विचार करायला लागली, आणि शेजारी ट्रॅक्टर उभा होताच.

२०१२ आणि २०१९ या दोन पशुगणनांमध्ये देशातली गायींची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि नर गोवंशाची जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली. ही घट एका कायद्याने झाली असं म्हणणं खोटं ठरेल. ट्रॅक्टर, तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी, औताला माणूस न मिळणं, ही कारणं आधीपासून होती. पण ज्या इच्छेचा हेतू बैल वाचवणं हा होता, तिने बैल पाळणाऱ्याला बैल पाळणं सोपं केलं नाही, एवढं तरी प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. सांभाळाच्या खर्चाची सोय आधी आणि बंदी नंतर, हा क्रम ठरवता आला असता.

दुधाच्या इच्छेची गोष्ट याच दावणीवर आहे. घरटी दूध वाढावं म्हणून संकरित गायी आल्या, दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी घरात आला, बायकांच्या हातात काही रक्कम खेळायला लागली. पण एचएफचा गोऱ्हा औताला फारसा चालत नाही, आणि तो जन्मला की घरात कुणी पेढे वाटत नाही. त्याच्या वाट्याचं दूध किटलीत जातं. आता कालवडच व्हावी म्हणून वेगळं केलेलं वीर्य असलेली कांडी मिळते. नव्वद टक्क्यांपर्यंत खात्री दिली जाते. गोऱ्ह्याचे हाल टळतील म्हणून ती चांगलीच म्हणावी लागेल. फक्त ही नवी गाय दावणीला बांधताना तरी तिचे दात बघून घ्यावेत: सगळ्यांच्याच गोठ्यात कालवडी झाल्यावर दुधाचा भाव कोण सांभाळणार, आणि चाऱ्याचं पाणी कुठून येणार?

वासराच्या वाट्याचं दूध म्हटलं की मराठी घरात एकच गोष्ट आठवायला हवी. श्रावणी सोमवारी वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी. राजाच्या मनात येतं, महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली जाते, घरचं सगळं दूध देवळात आणून घालायचं. धाकाने लोक पोरांना दूध देत नाहीत, वासरांना पाजत नाहीत, सगळं दूध गाभाऱ्यात ओततात. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. तिने घरचं काम उरकलेलं असतं, पोरांना खाऊ घातलेलं असतं, लेकीसुनांना न्हाऊ घातलेलं असतं, गायीवासरांची सोय लावलेली असते. मग उरलेलं खुलभर दूध ती वाहते, आणि गाभारा भरून जातो. राजा कारण विचारतो तेव्हा ती अभय मागून सांगते: तुझ्या हुकुमाने वासरं-पोरं तळमळली, म्हातारीकोतारी हळहळली, ते देवाला आवडलं नाही.

इच्छा आणि तिचे अनपेक्षित परिणाम या विषयावर जगातल्या कोणत्याही कथेच्या शेजारी ही कहाणी ठेवावी. मिडासच्या गोष्टीत राजा स्वतःच्या लोभाने स्वतः उपाशी राहतो आणि शहाणा होतो. टॉलस्टॉयने १८८६ साली लिहिलेल्या जमिनीच्या गोष्टीत पाहोम सूर्यास्ताच्या आत जास्तीत जास्त जमिनीला वळसा घालायला धावतो आणि परत पोचताच कोसळून मरतो. तिथे मागणाऱ्याची किंमत मागणाराच चुकवतो. न्याय लगेच होतो. आपल्या राजाला मात्र काहीच होत नाही. तो उपाशी नाही, तो मरत नाही, त्याची इच्छाही पुण्याची आहे. उपाशी राहतं ते वासरू. खऱ्या जगातल्या बहुतेक इच्छांचं असंच असतं, आणि म्हणून ही कहाणी त्या दोन्ही थोर कथांपेक्षा जास्त खरी आहे. शिवाय म्हातारी राजाला इच्छा सोड म्हणत नाही. गाभारा भरायचाच आहे. ती फक्त क्रम बदलते: आधी वासरू, पोरं, घरातली माणसं, मग देव. आणि ती क्रम सांगू शकते कारण ती गोठ्यातून आलेली असते. दवंडी ठरली तेव्हा राजाजवळ प्रधान होता. गोठ्यातलं कुणी नव्हतं.

क्रमाची हीच काळजी नगर जिल्ह्यातल्याच एका मागण्यात घेतलेली आहे. नेवाशाला पैसाच्या खांबाशी बसून ज्ञानेश्वरांनी १२९० साली भगवद्गीतेवरची टीका पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितलं. मराठीत यापेक्षा मोठं मागणं नाही. त्यात प्रत्येक प्राण्याला जे हवं ते मिळावं, असंही मागितलेलं आहे. एखाद्या यक्षाने हे एवढंच वाक्य ऐकून तथास्तु म्हटलं असतं तर जगाचा गोंधळ झाला असता. पण ते वाक्य पहिलं येत नाही. त्याआधी दुष्टांचं दुष्टपण जावं असं मागितलं आहे, दुष्ट जावेत असं नाही. मग त्यांना सत्कर्माची ओढ लागावी. मग जिवांचं एकमेकांशी मैत्र जुळावं. मग अंधार जावा. हे सगळं झाल्यावर ज्याला जे हवं ते. मैत्र जुळलेल्या माणसाला जे हवंसं वाटेल ते शेजाऱ्याच्या वासराच्या तोंडचं नसेल, हा हिशेब त्या मांडणीत आहे. शाळेत रोज म्हणताना ही मांडणी कानावरून निघून जाते. ती एकेक पायरी थांबून वाचावी, कारण इतकं मोठं आणि इतकं सावध मागणं दुसरं माहीत नाही.

याला व्यवहारात उतरवता येतं का, असा प्रश्न कुणी केला तर नगरपासून जवळच हिवरे बाजार आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा त्या गावालाही पाणीच हवं होतं, इतर कुठल्याही कोरडवाहू गावासारखं. गावाने पाणलोटाची कामं केली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, आणि स्वतःला काही गोष्टी नाकारल्या: शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. अशा अटी पाणी यायच्या आधी घालाव्या लागतात. पाटात पाणी खळखळत असताना कुणाच्या तोंडून ऊस नको असं निघत नाही.

तिथे पावसाळा संपला की पाऊस किती पडला आणि विहिरींची पातळी कुठवर आली याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीला काय पेरायचं, गहू किती, कांदा किती, की या वर्षी नुसती ज्वारी आणि हरभरा, हे ठरतं. ज्याची विहीर डोंगराच्या पायथ्याला आहे तो आणि ज्याची गावाच्या खालच्या अंगाला आहे तो, त्या वेळी एकाच सतरंजीवर बसलेले असतात.